पॅनेल गेलं, हे ठरवलं कुणी?

प्रश्न : नागपूरच्या मानेवाडा परिसरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणीचं काम करतात. लग्नपत्रिका, साक्षगंधाची निमंत्रणं, वास्तुपूजन, तेरवीच्या पत्रिका, मधूनच एखाद्या निवृत्त शिक्षकाचं पुस्तक. २०१८ मध्ये घेतलेला त्यांचा २२ इंची मॉनिटर गेल्या काही आठवड्यांपासून त्रास देतो आहे. सकाळी सुरू केला की दोन-तीन सेकंद चित्र येतं आणि पडदा काळा होतो, निळा दिवा मात्र लागलेलाच राहतो. पाच-सहा वेळा बटण बंद-चालू केलं की एकदाचा लागतो आणि मग दिवसभर तक्रार नाही. कूलर लावल्यापासून त्रास वाढला, "पण तो योगायोग असावा," असं त्या लिहितात. बर्डीतल्या एका दुकानदाराने मॉनिटर न उघडताच "पॅनेल गेलं, नवीन घ्या, जुन्याचे ५०० देतो" असं सांगितलं, तेही ताईंना नाही, सोबत गेलेल्या मुलाला. घराजवळचा दुरुस्तीवाला म्हणतो, "ठेवून जा, १२००-१५०० लागतील." यजमानांचं म्हणणं, सात वर्षं झाली, आता त्यात पैसे घालू नकोस. बारावीतल्या मुलाला २७ इंची गेमिंग मॉनिटर हवा आहे, त्यात "आईचंही काम होईल." ताई शेवटी लिहितात, "दुरुस्त केला आणि महिन्याभरात पुन्हा बंद पडला, तर घरात ऐकून घ्यावं लागेल. नवीन घेतला तर उगाच खर्च केला असं मलाच वाटत राहील. ऐन लग्नसराईत काय करू?"

उत्तर :

ताई,

त्या दुकानदाराने मॉनिटर एकदा लावून पाहिला, "पॅनेल गेलं" म्हणाला, आणि तुम्ही तिघांनीही पुढचा सगळा हिशेब ते खरं धरूनच केला. दुरुस्ती की नवीन, हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आधी नेमकं काय बिघडलं ते कळायला हवं. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की त्यावरून मला तरी पॅनेल गेलेलं वाटत नाही.

मॉनिटरच्या आत ढोबळमानाने चार गोष्टी असतात. पुढची काच म्हणजे पॅनेल, तिच्यावर चित्र उमटतं. पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही, म्हणून त्याच्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात, ती बॅकलाइट. मग घरातल्या २३० व्होल्टचे कमी व्होल्ट करून देणारा सप्लाय बोर्ड, आणि कॉम्प्युटरकडून आलेलं चित्र पॅनेलला समजावून देणारा मेन बोर्ड. यातलं पॅनेल सगळ्यात महाग. ते एकटंच नवीन घ्यायचं म्हटलं तर जवळजवळ नव्या मॉनिटरची किंमत पडते. म्हणून "पॅनेल गेलं" म्हटलं की बोलणंच संपतं. पण पॅनेल जातं तेव्हा बहुतेक वेळा ते दिसतं. उभ्या रेघा येतात, अर्धा पडदा पांढरा पडतो, शाईचा डाग पसरावा तसा काळा डाग दिसतो. सकाळी रुसून नंतर दिवसभर सुरळीत चालणं, हे पॅनेलचं वागणं नाही.

आज रात्री एक गोष्ट करून पाहा. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. कॉम्प्युटरवर पांढऱ्या पानावर मोठ्या, ठळक काळ्या अक्षरांत काहीही टाइप करून ठेवा, अक्षरं पडदाभर असू देत. मग मॉनिटर बंद करून थंड होऊ द्या आणि पुन्हा लावा. चित्र आलं आणि पडदा काळा झाला की मोबाइलची टॉर्च काचेच्या अगदी जवळ, तिरकी धरून हळूहळू फिरवा. टॉर्चच्या उजेडात तुमची अक्षरं फिकट, धुरकट का होईना दिसली, तर पॅनेल आणि मेन बोर्ड दोन्ही काम करत आहेत. चित्र जागेवर आहे, त्यामागचा प्रकाश तेवढा गेला आहे. ही परीक्षा मुलाला आणि यजमानांना सोबत बसवून करा. घरातला अर्धा वाद तिथेच मिटेल.

आणखी दोन बारीक गोष्टी पाहून ठेवा. पडदा काळा झाला की दिव्याचा रंग बघा. निळाच राहिला तर मॉनिटरच्या समजुतीने तो चित्र दाखवतो आहे. दिवा पिवळा झाला किंवा लुकलुकायला लागला, तर बहुधा त्याला कॉम्प्युटरकडून काही मिळत नाही, मग दोष केबलमध्ये किंवा सीपीयूमध्ये शोधायचा. दुसरं, मॉनिटर एकदा लागला की त्याच्याच बटणांनी ब्राइटनेस २५-३० वर आणा, बंद करा, तासाभराने पुन्हा लावा. कमी ब्राइटनेसवर तो पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात लागायला लागला, तर संशय बॅकलाइटला वीज पुरवणाऱ्या भागावर आणखी पक्का होतो. दुरुस्ती होईपर्यंत काम चालवायलाही ही युक्ती उपयोगी पडेल, फक्त पत्रिकेचे रंग त्या ब्राइटनेसवर पक्के करू नका.

माझा अंदाज आहे की सप्लाय बोर्डावरचे कपॅसिटर वाळले आहेत. बरेच मेकॅनिक त्यांना कंडेन्सरच म्हणतात. ती छोटी नळकांडी असतात, आत ओलसर रसायन असतं, आणि ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातं. सुकलेला कपॅसिटर थंड असताना नीट काम करत नाही. बॅकलाइटला एकदम जास्त वीज लागते, व्होल्टेज पडतं, आणि आतलं सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी बॅकलाइट बंद करून टाकतं. तुम्ही पाच-सहा वेळा बटण दाबता तेवढ्यात तो जरा तापतो आणि मग निभावून नेतो. म्हणून दिवसभर तक्रार नाही. पण रोज असंच चालवत राहणं बरं नाही, एखाद्या दिवशी तो सोबत दुसरा भागही घेऊन जाईल.

आता त्या "योगायोगा"विषयी, कारण तुम्ही ज्यावरून चटकन पुढे गेलात ते मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे कूलर खिडकीत बसतो, आणि उन्हाळ्यात जिथे वारा तिथेच कामाचं टेबल सरकतं. म्हणजे मॉनिटरची पाठ कूलरकडे. त्या पाठीवरच्या जाळीतून दिवसभर ओलसर हवा आत जाते. कूलरमध्ये बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार, जे गवतावर आणि टाकीच्या कडेला पांढरे साचलेले दिसतात, ते उडणाऱ्या बारीक थेंबांसोबत धुळीत मिसळून बोर्डावर बसतात. धूळ, ओल आणि क्षार एकत्र आले की तांब्याच्या रेषांवर आणि पिनांवर गंज धरतो. त्यात कूलरची मोटर, पंप आणि मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील, तर मोटर सुरू-बंद होताना विजेला बसणारा झटका मॉनिटरच्याही वाट्याला येतो. अनेक घरांत कूलरचं बटण दाबलं की पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, तो याचाच प्रकार.

आणि आपल्या गावचा उन्हाळा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मॉनिटरसोबतची पुस्तिका काढून पाहिलीत तर बहुतेकांमध्ये ३५ ते ४० अंशांपर्यंतच वापरा, असं लिहिलेलं असतं. दुपारी कूलर बंद असलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ती मर्यादा आपण सर्रास ओलांडतो. कपॅसिटरच्या बाबतीत जाणकारांचा एक ठोकताळा आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. तेव्हा तुमच्या मॉनिटरने दगा दिला असं मनात आणू नका. सात नागपुरी उन्हाळे त्याने काढले आहेत.

यावरून यजमानांच्या मुद्द्याकडे येते. "सात वर्षं झाली" हे कारण ऐकायला पुरेसं वाटतं, पण कोणत्या भागाची सात वर्षं, हे विचारायला हवं. एलईडी बॅकलाइट साधारणपणे ३०,००० तास किंवा त्याहून जास्त चालावी अशा हिशेबाने बनवलेली असते. तुम्ही दिवसाला ८ तास, वर्षाचे ३०० दिवस काम केलं असं धरलं तरी सात वर्षांत १६,८०० तास होतात. म्हणजे पॅनेल आणि बॅकलाइट यांच्यात अजून बरंच बाकी असू शकतं, आणि म्हातारा झालाय तो पाच-दहा रुपयांचा कपॅसिटर.

खर्चाचं म्हणाल, तर "दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून कमी असेल तर करा" असा एक नियम लोक सांगतात. मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात पुढचे दिवस मोजलेले नाहीत. वर्षाचा खर्च काढा. २२ ते २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) साधा मॉनिटर सध्या ७,००० ते १०,००० रुपयांत येतो. ९,००० चा घेतला आणि याच्यासारखाच सात वर्षं चालला, तर वर्षाला साधारण १,२८५ रुपये पडले. १,५०० ची दुरुस्ती सव्वा वर्ष टिकली तरी तुमचं नुकसान नाही, त्यापुढचा प्रत्येक महिना फायद्याचा. हीच दुरुस्ती ३,५०० ची निघाली तर तिला जवळपास पावणेतीन वर्षं टिकावं लागेल, आणि तेवढी खात्री सात वर्षांच्या मॉनिटरची मी देणार नाही. म्हणून तुमची मर्यादा आधीच ठरवून ठेवा. मी असते तर १,८०० च्या वर गेले नसते. नवीन घेतल्याने विजेची बचत होईल असं कुणी म्हणालं तर त्यावर फार विसंबू नका. तुमचाही मॉनिटर एलईडीचाच असणार, बिलात कळण्याइतका फरक पडणार नाही.

माझा सल्ला असा : टॉर्चमध्ये अक्षरं दिसली तर दुरुस्त करून घ्या. आणि दुरुस्ती घराजवळच्याच माणसाकडे द्या. त्याने "ठेवून जा" म्हटलं, म्हणजे उघडून बघितल्याशिवाय बोलणार नाही असं सांगितलं. त्याने सांगितलेला आकडाही पहिला अंदाज आहे, पक्का नाही, पण तो उघडायला तयार आहे ही जमेची बाजू.

त्याच्याकडे जाताना एकट्या जा, किंवा मुलाला नेलंत तर बोलणं तुम्ही करा. दुकानदार मुलाशी बोलला हे तुम्ही पत्रात एका वाक्यात लिहून सोडून दिलंत, पण ते तुम्हाला लागलं आहे, आणि लागायलाच हवं. त्या पडद्यासमोर रोज बसणाऱ्या तुम्ही, लक्षणं तुम्हाला माहीत. आल्या आल्या सांगा, "चित्र दोन-तीन सेकंद येतं, मग बॅकलाइट जाते. टॉर्चमध्ये चित्र दिसतं. गरम झाला की चालतो. सप्लायचे कपॅसिटर बघा." एवढं बोललात की समोरचा माणूस तुमच्याकडे वळतो, असा माझा अनुभव आहे. मग या गोष्टी ठरवून घ्या. उघडल्यावर काय निघालं ते सांगायला त्याने फोन करावा, आणि १,८०० च्या वर जात असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नये. एकच फुगलेला कपॅसिटर बदलून भागवू नये, सप्लाय बोर्डावरचे त्या वयाचे सगळे छोटे कपॅसिटर एकदमच बदलावेत, १०५ अंश लिहिलेले (म्हणजे तेवढी उष्णता सोसणारे), चांगल्या कंपनीचे. सुट्या भागांची किंमत फार नसते, मजुरी एकदाच लागते. काढलेले जुने भाग परत द्यावेत. बिलावर काय बदललं ते आणि तीन महिन्यांची हमी लिहून द्यावी. मॉनिटर देण्याआधी त्याच्या पाठीवरच्या सिरियल नंबरच्या स्टिकरचा आणि चालू पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. यात अविश्वास कसलाच नाही. चांगल्या कारागिराला असं गिऱ्हाईक आवडतं.

ते जुने भाग हातात आले की बघा. चांगल्या कपॅसिटरचा वरचा भाग सपाट असतो, त्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते. बिघडलेल्याचा माथा फुगीर होतो, कधी बुडाशी तपकिरी ओघळ वाळलेला दिसतो. कधी वरून धडधाकट दिसणाराही आतून सुकलेला निघतो, तेव्हा फुगलेला नाही म्हणून तुम्हाला फसवलं असा निष्कर्ष काढू नका.

त्याने उघडून सांगितलं की कपॅसिटर ठीक आहेत, मागच्या एलईडी पट्ट्याच जळाल्या आहेत, तर मात्र थांबा. पट्टी बदलायला पॅनेल पूर्ण सुटं करावं लागतं, काचेला धक्का लागू शकतो, धुळीचे कण कायमचे आत अडकू शकतात. २२ इंची मॉनिटरसाठी मी तो खर्च करणार नाही. तिथे नवीन घ्या, आणि मनात कसलाही किंतू न ठेवता घ्या.

घरी स्क्रू काढून बघायचा मोह मुलाला होईल. त्याला स्पष्ट नाही म्हणा. सप्लाय बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. एक गोष्ट मात्र तो करू शकतो. तुमच्या मॉनिटरला लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडॉप्टर असेल, तर त्यावर लिहिलेलं व्होल्टेज आणि पिन तंतोतंत जुळणारा, आणि ॲम्पिअर तेवढाच किंवा जास्त असलेला दुसरा ॲडॉप्टर लावून पाहावा. कधी कधी सगळं दुखणं त्या ॲडॉप्टरचंच असतं. ॲडॉप्टर नवीन घेतलात तर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण बघूनच घ्या.

आता "घरात ऐकून घ्यावं लागेल" या भीतीबद्दल. ताई, हा मॉनिटर तुमच्या कमाईचं साधन आहे. यजमान काळजीपोटी बोलत असतील, त्यांना पूर्वी कुठल्या तरी दुरुस्तीचा वाईट अनुभव आलाही असेल. त्यांना वर्षाच्या खर्चाचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. तरीही दुरुस्ती चार महिन्यांनी वाया गेली, तर तुमचे १,५०० रुपये गेले, आणि त्या चार महिन्यांत लग्नसराई पार पडलेली असेल. ऐन घाईत, दुकानदार दाखवेल तो मॉनिटर उचलून आणण्यापेक्षा हे स्वस्तच. तुमच्या जागी एखादा पुरुष आपल्या दुकानातल्या यंत्राबद्दल असा निर्णय घेतो आणि तो कधी चुकतोही. तेव्हा त्याला कुणी वर्षभर ऐकवत नाही. तेवढी सवड तुम्ही स्वतःला द्या.

मुलाच्या मागणीत प्रेम आहे, पण दोन वेगळ्या गरजा एकाच खोक्यात बसवल्या आहेत. २७ इंची स्वस्त गेमिंग मॉनिटर बरेचदा फुल एचडीच असतात. तेवढेच ठिपके (पिक्सेल) मोठ्या पडद्यावर पसरले की एका इंचात कमी ठिपके येतात. तुमचा २२ इंची फुल एचडी असेल तर त्यावर इंचाला १०० च्या वर आहेत, २४ इंचीवर ९२ च्या आसपास, आणि २७ इंची फुल एचडीवर ८२ च्या आत. इंग्रजी मजकुराला हे चालून जातं. श्रीलिपी किंवा कोरल या सॉफ्टवेअरमध्ये बारीक टाइपात 'र्‍या' आणि 'ऱ्हा' तपासताना, अनुस्वार रेघेवर बसला की सुटला हे बघताना, हा फरक डोळ्यांना जाणवतो. तेरवीच्या पत्रिकेत नावातला एक अनुस्वार चुकला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. २७ इंची घ्यायचाच असेल तर २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा हवा, आणि तो महाग. सेकंदाला १४४ वेळा बदलणारं चित्र खेळाला उपयोगी, अक्षरजुळणीला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय तुमचा सीपीयूही मॉनिटरइतकाच जुना असेल आणि त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर त्यावर ते खेळ नीट चालणारही नाहीत, म्हणजे आज मॉनिटर आणि उद्या कार्ड. बारावीची परीक्षा झाली की त्याच्याशी या विषयावर वेगळं बोला, त्याच्या पैशाचं वेगळं ठरवा.

माझ्या मनात तुमच्यासाठी दुसरंच आहे. लग्नसराई ओसरली की दिवाळीच्या आसपास एक २४ इंची आयपीएस मॉनिटर सावकाशीने, तुमच्या पसंतीने घ्या, आणि दुरुस्त केलेला हा शेजारी ठेवा. हल्ली गिऱ्हाईक हाताने लिहिलेल्या मजकुराचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि तुम्ही एका हातात मोबाइल धरून टाइप करता. हो ना? तो फोटो एका पडद्यावर मोठा करून ठेवला आणि दुसऱ्यावर पत्रिका उघडली, तर मान आणि डोळे दोन्ही वाचतात, चुका कमी होतात. सीपीयूच्या मागे किती आणि कोणते पोर्ट आहेत ते आधी बघून ठेवा. फक्त व्हीजीए असेल आणि नव्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय, तर साध्या केबलने जमत नाही, कन्व्हर्टर लागतो. दुकानात गेल्यावर मॉनिटरची उंची कमी-जास्त होते का ते विचारा, आणि एक पूर्ण पांढरं, एक पूर्ण काळं पान उघडून ठिपका मेलेला नाही ना ते तिथेच तपासा.

दुरुस्तीचे दोन-चार दिवस काम थांबवू नका. हॉलमधला टीव्ही एचडीएमआयने सीपीयूला जोडा. कडेची अक्षरं कापली जात असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइझ शोधून 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करा, इनपुटला पीसी असं नाव देता येत असेल तर द्या, अक्षरं लगेच स्वच्छ होतात. टीव्ही रंग भडक दाखवतो, तेव्हा कुंकवाचा लाल नि हळदीचा पिवळा त्यावर ठरवू नका. मजकूर जुळवा, रंगाचं प्रूफ छापून बघा.

आणि मॉनिटर परत आला की टेबल फिरवा. कूलरचा झोत अंगावर घ्या, मॉनिटरच्या पाठीवर नको. कूलरला वेगळा सॉकेट द्या. वळवाचं आभाळ भरून आलं, विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. मॉनिटरच्या किंवा सीपीयूच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही सुकतो.

ज्यांची लक्षणं वेगळी आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. पडद्यावर रेघा किंवा वेडेवाकडे रंग दिसत असतील तर स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलवर पाठवा. मोबाइलवरही तेच दिसलं तर मॉनिटर निर्दोष आहे, कॉम्प्युटर दाखवा. मोबाइलवर चित्र स्वच्छ दिसलं तर आधी केबल बदलून पाहा, मग मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा, रेघ त्या मेनूवरूनही जात असेल तर दोष मॉनिटरचाच. सरळ उभी, हलत नसलेली रेघ बहुतेक वेळा काचेच्या कडेला चिकटवलेल्या, पॅनेलला चित्र पोचवणाऱ्या बारीक पट्टीची असते. ती कारखान्यातल्या यंत्राने बसवलेली, तिच्यावर पैसे घालू नका. मॉनिटर उत्तम आणि पडद्यावर फक्त 'नो सिग्नल' येत असेल, तर दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी केबल सीपीयूच्या योग्य पोर्टमध्ये आहे ना ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लागते. आणि बिल शोधा. बऱ्याच मॉनिटरना तीन वर्षांची वॉरंटी असते, ती लोक विसरतात. वॉरंटीत असून कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

राहता राहिला तो जुन्याच्या ५०० रुपयांचा मुद्दा. टॉर्च लावूनही अक्षरं दिसली नाहीत किंवा पट्ट्याच गेल्या असं निघालं, तर नवीन घेताना ते ५०० घ्यायला हरकत नाही, त्यातले चांगले बोर्ड दुसऱ्या कुणाच्या मॉनिटरला उपयोगी पडतात. भंगारवाल्याला मात्र देऊ नका, तो तांब्यासाठी फोडतो आणि बाकीचं उकिरड्यावर जातं. ज्यांच्याकडे २०१० च्या आधीचे, एलईडी नसलेले जाडसर एलसीडी मॉनिटर आहेत त्यांनी तर अजिबात नको, त्यांच्या बॅकलाइटच्या नळ्यांत पारा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या वस्तूंच्या पुनर्चक्रणाची (रिसायकलिंगची) जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, तेव्हा कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून नागपुरात कुठे जमा करायचा ते विचारून घ्या.